स्क्रीनवर गोरा, कागदावर काळा

प्रश्न : गुहागरजवळ आमचं चिऱ्याचं जुनं घर आहे. यंदा गणपतीला मुंबईची सगळी मंडळी येणार म्हणून आजी-आजोबांचे आणि घराचे फोटो घरीच प्रिंट करून लावायचं ठरवलंय. प्रिंटर इंक टँकवाला. फोटो गिम्प या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट करते, ग्लॉसी पेपरच्या कंपनीच्या साइटवरून कलर प्रोफाइल (त्या पेपरवर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) डाउनलोड केलं, फोटो त्यात कन्व्हर्ट केला आणि प्रिंट दिली. तरी फोटो काळपट येतो आणि वर लालसर झाक, आजीचा चेहरा उन्हात भाजल्यासारखा दिसतो. मग ब्राइटनेस वाढवते, परत प्रिंट, परत वाढवते, असं करत पाकीट संपत आलं. प्रिंटर बिघडलाय का?

उत्तर : ताई, प्रिंटर बहुतेक ठीक आहे आणि फोटो तर नक्कीच ठीक आहे, म्हणून आधी ती ब्राइटनेस वाढवलेली फाइल बाजूला ठेवा आणि मूळ फोटो परत उघडा. काळपट आणि लालसर हे दोन वेगळे घोळ आहेत आणि दोन्ही फोटोच्या बाहेर आहेत.

काळपटाचं आधी. स्क्रीन स्वतः उजेड टाकते, कागद फक्त खोलीतला उजेड परत देतो, आणि लॅपटॉप आपण फुल ब्राइटनेसवर वापरतो. प्रिंटसाठी फोटो नीट करणारे लोक स्क्रीन साधारण 80 ते 120 कँडेला प्रति चौरस मीटरवर (हे उजेडाचं माप) ठेवतात, ते मोजायचं यंत्र महाग असतं पण तुम्हाला त्याची गरज नाही. दिवसा खिडकीजवळ बसा (थेट ऊन नको), स्क्रीनचे नाइट लाइट आणि ऑटो ब्राइटनेस बंद करा, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी कोरा फोटो पेपर धरा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. बऱ्यापैकी खाली जाईल, घाबरू नका. आता आजीचा फोटो बघा, कागदावर येत होता तसाच काळपट दिसेल, आणि आता जेवढा उजळावासा वाटेल तेवढाच उजळा. फोटो लावणार कुठे तेही बघा हं, ओटीवर भरपूर उजेड असतो पण आपल्याकडची माजघरं दिवसाही अंधारी, तिथे लावायचा असेल तर किंचित जास्त उजळ अशी वेगळी कॉपी करा.

आता लाल झाक. तुम्ही फोटो पेपरच्या प्रोफाइलमध्ये कन्व्हर्ट केला म्हणजे रंगांची दुरुस्ती एकदा झाली, मग प्रिंटरच्या ड्रायव्हरने (कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) स्वतःची दुरुस्ती परत वर केली. एकाच आमटीत दोघींनी मीठ घातल्यासारखं झालं. त्यामुळे एकच मार्ग धरा. प्रोफाइल वापरायचं असेल तर प्रिंटच्या सेटिंगमध्ये कलर करेक्शन पूर्ण बंद करा, कुठे त्याला 'ऑफ' म्हणतात कुठे 'नो कलर अ‍ॅडजस्टमेंट'. आणि ते प्रोफाइल तुमच्याच प्रिंटर मॉडेलचं आणि त्याच पेपरचं आहे ना ते बघा, दुसऱ्या मॉडेलचं असेल तर उपयोग शून्य. एवढी खटपट नको असेल तर फोटो एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत ठेवा, पेपर टाइप 'ग्लॉसी' निवडा आणि रंग ड्रायव्हरवर सोडा. पहिल्या वेळी मी तरी हेच करायला सांगेन. पेपर टाइप 'प्लेन' राहिला तर शाईचा हिशोबच चुकतो, हे खूप जणांचं होतं.

एक मात्र मनाची तयारी ठेवा, श्रावणातल्या भातशेतीचा स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा आणि समुद्राचा गडद निळा कागदावर तसाच येत नाही, चार शायांच्या प्रिंटरला तो रंग जमतच नाही. गिम्पमध्ये 'प्रूफ कलर्स' चालू करून पेपरचं प्रोफाइल निवडलं की काय फिकं पडणार ते आधीच दिसतं, कागद वाया जात नाही.

आणि आपली हवा! पावसाळ्यात पेपर दमट होतो, कडा वळतात, शाई लवकर सुकत नाही. पाकीट झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, लागेल तेवढाच कागद काढा. प्रिंट काढल्यावर लगेच काचेत घालू नका, एक दिवस उघडी सुकू द्या, रंगसुद्धा सुकल्यावरच नीट बसतो. प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करा, बोर्डाचं बटण थेट बंद केलं किंवा मधेच लाइट गेली तर शाई सोडणारं हेड झाकलं जात नाही आणि त्याच्या नोझलमध्ये, म्हणजे बारीक छिद्रांत, शाई सुकते, म्हणून लाइट आली की चालू करून परत नीट बंद करा. आठवड्याला एखादी छोटी रंगीत प्रिंट काढत राहा. मोठ्या फोटोआधी नोझल चेक (छिद्रं मोकळी आहेत का ते बघायची चाचणी प्रिंट), आणि पहिली ट्रायल कायम 4 बाय 6 वर, थेट ए-4 वर नको.

प्रश्न : मालवणला किल्ल्यासमोर मोबाइलवर काढलेला ग्रुप फोटो 4 बाय 6 वर प्रिंट केला की वरच्या रांगेतल्यांची डोकी कापली जातात. का?

उत्तर : दादा, मोबाइलचा फोटो बहुतेक 4:3 चा असतो आणि 4 बाय 6 चा कागद 3:2 चा, मग उरलेला भाग प्रिंटर स्वतःच्या मर्जीने कापतो. तुम्हीच आधी 3:2 मध्ये क्रॉप करा, म्हणजे कापायचं ते खालचं पाणी कापता येईल. बॉर्डरलेसमध्ये फोटो जरा मोठा होऊन कडा अजून थोड्या जातात, तेव्हा डोक्यांवर मोकळी जागा सोडा. क्रॉपनंतर 1800 बाय 1200 पिक्सेल उरले तर प्रिंट छान येते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो असेल तर त्याचे पिक्सेल कमी झालेले असतात, ज्याने काढलाय त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून परत मागवा.