रबर घासायचे दोनशे

बाळा,

शनिवारी संध्याकाळी तू चहा न घेताच गेलास. रविवार गेला, सोमवार गेला, तुझा फोन नाही. शेवटी तुझ्या आईला विचारलं तर म्हणाली, तो म्हणतोय हे काम आपल्याला जमणार नाही. काम तुला जमतंय, त्यावर मी एक ओळसुद्धा खर्च करणार नाही. तुला टोचलंय ते वेगळंच आहे आणि ते मला शनिवारीच दिसलं होतं, फक्त दुकानात चार माणसं होती म्हणून बोललो नाही.

वेळणेश्वरकडून दुरुस्तीला आलेलं ते कॉम्प्युटरचं मशीन. नो डिस्प्ले. पंखा फिरतोय, लाइट लागतेय, स्क्रीन काळी आणि थांबून थांबून लांब बीप. तू आधी एसएमपीएसचं, म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या डब्याचं, व्होल्टेज बघितलंस, मग दोन्ही रॅम काढून एकेक करून लावून बघितल्यास, स्लॉट बदललेस, आणि मग एक रॅम ट्यूबलाइटखाली तिरपी धरलीस. मी काउंटरवरून बघत होतो. पट्ट्यांवर काळपट थर, आणि एका टोकाला जिथं सोनेरी मुलामा उडाला होता तिथं हिरवा ठिपका. समुद्राजवळच्या मशीनचं हेच होतं, खारी हवा तांब्याला सोडत नाही, त्यात चार महिने पाऊस. तू खोडरबराने हलक्या हाताने पट्ट्या घासल्यास, आयपीए स्पिरिटने पुसून घेतल्यास, स्लॉटमधून ब्रश फिरवलास, सुकू दिलंस, लावलंस, चालू. चाळीस मिनिटं लागली. मला या धंद्यात वीस वर्षांच्या वर झालीत, मीही हेच आणि याच क्रमाने केलं असतं.

आणि मग तो माणूस म्हणाला, "रबर घासायचे दोनशे? असला रबर माझ्या पोराच्या कंपासमध्ये आहे."

तू मान खाली घालून पन्नास घेतलेस. बिलसुद्धा केलं नाहीस. शटर ओढताना मला विचारलंस, काका, रॅम बदलली म्हटलं असतं तर त्याने बाराशे हसत दिले असते ना?

हो. दिले असते. मला माहितीये, कारण मी घेतलेत.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही, घरीही नाही. २००८ सालची गोष्ट. गुहागरच्या बाजूची एक शाळा, तिला एक कॉम्प्युटर मिळालेला, गावच्या मुंबईकर मंडळाने वर्गणी काढून दिलेला. गुरुजी तो एसटीतून मांडीवर घेऊन आले, पोत्यात गुंडाळून. रोज सकाळी चालू केला की तारीख मागे जायची आणि एफ-वन दाबा म्हणून थांबायचा. तुला आता वाचतानाच कळलं असेल काय झालेलं ते. बोर्डावरचा सेल संपलेला, सीआर २०३२, पंचवीस रुपयांचा. माझं तीन महिन्यांचं भाडं थकलेलं, गाळ्याचा मालक रोज दारात उभा. मी बिलावर लिहिलं, मदरबोर्ड बदलला, २८०० रुपये. गुरुजींनी पैसे मोजून दिले, शाळेच्या नावाने पावती घेतली आणि म्हणाले, जुना बोर्ड द्या हो, मुलांना दाखवायला होईल.

आता मी कुठून देणार जुना बोर्ड? तो तर आत मशीनमध्येच होता. भंगारातला एक मेलेला बोर्ड काढून पुसून दिला. त्यांनी आभार मानले.

वर्षभराने त्याच शाळेत प्रिंटर बघायला गेलो. तो बोर्ड भिंतीवर प्लायवर ठोकून लावलेला. प्रत्येक भागाला पांढऱ्या कागदाची चिठ्ठी, लाल शाईचा बाण, गुरुजींचं ते वळणदार अक्षर. प्रोसेसरची जागा. रॅमची जागा. वर मथळा, "आपल्या शाळेच्या संगणकाचा जुना मदरबोर्ड". आणि एका बाणाखाली लिहिलेलं, "सेल. संगणक बंद असतानाही वेळ लक्षात ठेवतो."

मी तिथं किती वेळ उभा होतो ते मला आठवत नाही. गुरुजींनी चहा मागवला, मुलांना सांगितलं की हे चिपळूणचे काका, प्रामाणिक माणूस, जुना पार्टसुद्धा परत देतात. मी चहा प्यायलो आणि आलो. सांगितलं नाही. ते रिटायर झाले, नंतर मुलाकडे गेले, मग वारल्याचं कळलं. २८०० रुपये परत करणं अवघड नव्हतं रे, पुढच्या दिवाळीत माझ्या हातात पैसे होते. तोंड उघडणं जमलं नाही. तेव्हापासून माझं एकच चाललंय, केलं तेच लिहायचं. सेल बदलला तर सेल. रबर घासला तर रबर. आणि खरंच पार्ट बदलला तर जुना पार्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर नाव टाकून गिऱ्हाइकाच्या हातात. त्या पिशव्या भरायला तू कंटाळतोस, मला दिसतं. कंटाळू नकोस.

तू म्हणशील हे सगळं मनाचं झालं, धंद्याचं काय. मग धंद्याचं ऐक. गेल्या वर्षी खेर्डीतल्या एका युनिटचं मशीन आलं, काम करता करता रिस्टार्ट व्हायचं. सोबत दुसऱ्या एका दुकानाचं चार महिन्यांपूर्वीचं बिल, नवीन एसएमपीएस टाकला. मी बिलावर विश्वास ठेवला. रॅम बघितली, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, हार्ड डिस्क तपासली, विंडोज नव्याने टाकलं, दोन दिवस गेले. शेवटी वैतागून मशीन कामाला लावून एसएमपीएसच्या पिवळ्या वायरीला मीटर लावला तर १०.८ व्होल्ट. बारा व्होल्टची लाइन ११.४ च्या खाली जाता कामा नये हे तुला पहिल्या आठवड्यात शिकवलंय. एसएमपीएस उघडला, आत वाळलेली पाल आणि दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले. कुठला नवीन आणि कुठलं काय. कोणीतरी नुसती धूळ झटकून नवीनचे पैसे लावले होते आणि त्या खोट्या ओळीने माझे दोन दिवस खाल्ले, त्या युनिटच्या डिस्पॅचचे दोन दिवस खाल्ले. बिल म्हणजे पुढच्या मेकॅनिकसाठी ठेवलेला निरोप असतो, आणि बहुतेक वेळा तो पुढचा मेकॅनिक तूच असतोस. वेळणेश्वरचं मशीन पुढच्या पावसाळ्यात परत येणारच आहे. बिलावर "रॅम बदलली" असेल तर तू रॅमकडे बघणारच नाहीस. केलं तेच लिही म्हणतो ते यासाठी, कळतंय का?

२२ जुलै २०२१ ला पूर आला तेव्हा तू शाळेत शिकत होतास, तुमच्या घरातही पाणी होतं, तुला पूर सांगायची गरज नाही. पण दुकानातलं तुला माहीत नाही. लोकांची ११ मशीन माझ्याकडे होती. बुधवारी संध्याकाळी पाऊस बघून एक मन म्हणत होतं की घरी वरच्या मजल्यावर नेऊया. नेली नाहीत. पहाटे वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली आणि पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर चिखल. अकरा जणांना मी स्वतः फोन केले, तुमचं मशीन माझ्या दुकानात बुडालं, मी हलवायला हवं होतं, हलवलं नाही. शिव्या खाल्ल्या. हार्ड डिस्कबद्दल सगळ्यांना एकच सांगितलं, उन्हात वाळवू नका, चालू करून बघू नका, कारण गाळ आत सुकला की प्लेटला चिकटतो आणि वर हेड फिरला की संपलं. चार डिस्क ओल्याच पिशवीत बंद करून पुण्याला लॅबला पाठवल्या, दोघांचा डेटा आला, दोघांचा नाही आला. नाही आला हेही मीच सांगितलं.

आणि त्याच महिन्यात बाजारातला माझा एक मित्र, शाळेपासूनचा, इन्शुरन्ससाठी बिल मागायला आला. त्याची बुडालेली दोन जुनी मशीन, त्याला हवं होतं चार नव्यांचं बिल. म्हणाला सगळेच करतायत, कंपनीचे पैसे आहेत, तुझं काय जातंय. त्याचं दुकान साफ गेलेलं, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, मी नाही म्हणालो. आज पाच वर्षं होत आली, तो बोलत नाही. गणपतीत मी जातो, तो प्रसाद देतो आणि आत जातो. कधी रात्री वाटतं की द्यायला हवं होतं का. मग ती भिंतीवरची लाल बाणाची चिठ्ठी आठवते आणि वाटतं, नाही, बरोबर केलं. हे मी तुला पटवतोय की स्वतःला, ते मला सांगता येणार नाही, पण बिल मी दिलं नाही आणि उद्याही देणार नाही.

तुझी काकू म्हणते, नाक्यावरच्या दुकानाच्या तीन शाखा झाल्या, आपण अजून भाड्याच्या गाळ्यात. खरंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा तिकडे लोकांना सरळ सांगत होते, मशीन बंद पडणार, नवीन घ्या. आपल्याकडे घाबरलेली माणसं आली त्यांना मी सांगितलं की मशीन उद्याही चालू होईल, फक्त सिक्युरिटीचे अपडेट थांबतील, एक वर्ष वाढवून मिळतात, बँकेची कामं असतील तर पुढचा विचार करा, नुसतं टायपिंग असेल तर घाई नाही. किती नवीन मशीन विकली गेली असती त्या महिन्यात, तू मोजत होतास, मी बघितलं तुला बोटं मोजताना. मी भोळा म्हणून राहिलो नाही रे. मला तो हिशोब तुझ्यापेक्षा चांगला येतो, मी एकदा करून बघितलाय.

आता शनिवारचं. तुझी चूक घासण्यात नव्हती, पन्नास घेण्यात होती. खरं सांगायचं आणि वर लाजायचं, हे चालणार नाही. तो माणूस रबर बघत होता, कारण तू त्याला दुसरं काही दाखवलंच नाहीस. मशीन उघडायच्या आधी सांगायचं, तपासणीचे दोनशे, मग आत काहीही निघो. मग त्याला आत बोलवायचं, रॅम त्याच्या डोळ्यासमोर ट्यूबखाली धरायची, हा हिरवा ठिपका बघा, हे मिठाचं काम, ते समुद्राच्या बाजूच्या खिडकीतून येतं, टेबल तिथून हलवा, आणि पावसाळ्यात काम नसलं तरी रोज तासभर चालू ठेवा म्हणजे आत ओल बसत नाही. हे त्याला कोणी सांगितलं असतं? बाराशे घेऊन रॅम बदलणाऱ्याने? त्याला मशीन तसंच खिडकीत राहायला हवं असतं. एवढं सांगूनही काही जण कुरकुर करतील. करू देत. त्यांच्या कुरकुरीसाठी तू तुझं काम पन्नासाचं करायचं नाहीस आणि खोटं बाराशेचंही नाही. दोनशेचं होतं, दोनशेच सांगायचे, मान वर करून.

आणि हे "जमणार नाही" वगैरे आईला सांगत बसू नकोस, तिला काळजी लागते. मला येऊन सांग.

बिलबुकात शनिवारचा नंबर मी कोरा ठेवलाय, कार्बनसकट. त्या माणसाला मी फोन केला होता, उरलेल्या दीडशेसाठी नाही, बिल न्यायचं राहिलंय म्हणून. गुरुवारी बाजाराला येतोय म्हणाला. "रॅमचे पॉइंट साफ केले, स्लॉट साफ केला, पार्ट बदलला नाही", असं तुझ्या अक्षरात लिहून ठेव, रक्कम पन्नास, कारण घेतले पन्नासच. खाली खिडकीचं पण लिही. किल्ली चहावाल्याकडे आहे, मी बुधवारी सकाळी गुहागरला जातोय, यायला अकरा होतील. आयपीएची बाटली संपत आलीये, येताना घेऊन ये.

काका