पहिल्यांदाच सुशी खाताना

प्रश्न: मैत्रिणीला पहिल्यांदाच सुशी खायला न्यायचं आहे. रेस्टॉरंट कसं निवडावं?

उत्तर: सुशी म्हणजे भाताबरोबर बहुधा कच्चा मासा असलेला जपानी पदार्थ, म्हणून आधी भात पाहा. व्हिनेगर, साखर, मीठ घातलेला हा भात अंगाइतका कोमट हवा. फ्रिजमधला टणक आणि कोरडा लागतो, आणि पहिल्या खेपेचा बेत तिथेच फसतो. म्हणून आधीच बांधून ठेवलेल्यापेक्षा मागणीनंतर समोर वळून देणारा काउंटर निवडा. आत शिरताच माशाचा उग्र वास आला, तर सरळ परत फिरा. मेनूत कच्चा मासा नसलेले प्रकारही हवेत: एबी म्हणजे उकडलेली कोळंबी, तामागो म्हणजे गोडसर ऑम्लेट, काप्पामाकी म्हणजे काकडी घातलेला भाताचा रोल. सुरुवात त्यांनी, मग सॅमन मासा. ओमाकासे, म्हणजे शेफच्या मर्जीचं जेवण, तूर्त नको. सोया सॉस माशाच्या बाजूला लावायचा. भात बुडवला की तो सुटतो. मैत्रीण गरोदर असेल तर कच्चा मासा टाळाच.