जहाज ओळखणारं नेटवर्क बनावट रडार चित्रांवर पास, खऱ्यांवर नापास: असं का?

तुम्ही बडोद्यातून विचारलंय, ते थोडक्यात असं: थ्रीडी मॉडेलवरून जहाजांची रडार चित्रं बनवली, जहाजाचा प्रकार ओळखायला शिकवलेलं न्यूरल नेटवर्क त्यांवर जवळजवळ शंभर टक्के बरोबर येतं, पण सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाच्या खऱ्या चित्रांवर आपटतं.

आधी तो शंभर टक्क्यांचा आकडा विसरा. एकाच मॉडेलचे ५-५ अंशांवरचे ७२ कोन काढून त्यातलेच काही चाचणीला ठेवले असतील, तर नेटवर्कने जहाजाचा प्रकार शिकलेला नाही, तुमचं मॉडेल पाठ केलंय. चाचणीतलं जहाज शिकवताना एकाही कोनातून दिसलेलं नको.

मग रेझोल्यूशन बघा. सेंटिनेल-१ च्या आयडब्ल्यू जीआरडी (नेहमीच्या रुंद पट्ट्याच्या, तयार) चित्रात पिक्सेल १० मीटरचा, पण प्रत्यक्ष रेझोल्यूशन २० मीटरच्या आसपास. १५० मीटरचं जहाज म्हणजे जेमतेम १५ पिक्सेल लांब, दोन-तीन रुंद. १ मीटरच्या सिम्युलेशनमध्ये दिसणारे क्रेन आणि हॅच इथे सापडणारच नाहीत. वारंवारता ५.४०५ गिगाहर्ट्झ, आपतन कोन (लहर उभ्या रेषेशी करते तो) साधारण ३० ते ४५ अंश, ध्रुवीकरण व्हीव्ही (लहर उभ्या दिशेत सोडायची, उभ्याच दिशेत घ्यायची) ठेवा. जहाजावर रडारची किरणं टाकून परतणारा प्रतिध्वनी मोजणार असाल तर दोन किरणांत तरंगलांबीच्या दहाव्या भागाचं अंतर लागतं, म्हणजे साडेपाच मिलिमीटर. समोरून १५० बाय २० मीटर दिसणाऱ्या जहाजाला एका कोनासाठी सुमारे दहा कोटी किरणं! लॅपटॉपवर आधी दोन-चार कोनच करून बघा.

खरी गोम मात्र पाण्यात आहे. समुद्र सपाट आरसा धरला की जहाजाची बाजू आणि पाणी यांचा नेमका काटकोन होतो आणि रडारकडच्या कडेला झगझगीत रेघ उमटते. खऱ्या समुद्रात लाटा आणि जहाजाचं डुलणं तो काटकोन मोडतात. म्हणून दर चित्रात रोल (जहाजाचं कुशीवर कलणं) ० ते ५ अंशांत बदला आणि पाण्याचं परावर्तन कमी-जास्त करा. पार्श्वभूमी बनवत बसण्यापेक्षा खऱ्या चित्रातला रिकाम्या समुद्राचा तुकडा घ्या आणि जहाज त्यात तीव्रतेत मिळवा, डेसिबलमध्ये नाही (ते लॉगरिदमिक माप, त्यात बेरीज चुकते). जहाजावरचं स्पेकल (रडार चित्रातले दाणेदार ठिपके) वेगळं घालावं लागेल, चार-पाच लुक्सच्या (सरासरी काढलेल्या नोंदींच्या) हिशेबाने. टँकरला एक समुद्र आणि कंटेनर जहाजाला दुसरा असं झालं, तर नेटवर्क समुद्रच ओळखायला शिकेल.

खरी चित्रं युरोपच्या कोपर्निकस संकेतस्थळावरून फुकट मिळतात. आपल्याला जवळचं म्हणजे अलंगसमोर नांगरलेली जहाजं. फक्त खंभातच्या आखातात ओहोटीला उघडे पडणारे चिखलपट्टे फसवतात, किनाऱ्यालगतचा भाग वगळा. जहाजाच्या प्रकाराची खात्री एआयएस (जहाजं स्वतःची ओळख आणि जागा सांगतात त्या संदेशांच्या) नोंदींवरून करायची. डेन्मार्कचं सागरी प्रशासन डेन्मार्कभोवतीच्या पाण्यातल्या जुन्या नोंदी फुकट देतं, त्या भागाची चित्रंही घ्या. जुळवताना एक लक्षात ठेवा: उपग्रहाच्या दिशेने ५ मीटर प्रतिसेकंद वेगाने जाणारं जहाज चित्रात सुमारे तीन-चारशे मीटर सरकलेलं दिसतं. सुरुवात नांगरलेल्या जहाजांपासून करा, आणि जमलेल्या खऱ्या चित्रांपैकी निम्मी शेवटच्या चाचणीपर्यंत उघडूच नका.