डीबीएस झालेल्या बाबांचा एकाच हाताचा कंप अचानक परत आलाय, आजार वाढला का?

तुम्ही लिहिलंय की पार्किन्सनसाठी डीबीएस (मेंदूत बारीक तारा बसवून छातीतल्या बॅटरीवरून हलका करंट द्यायचं ऑपरेशन) करून तीन वर्षं झाली, सगळं छान चाललं होतं आणि आता अचानक फक्त उजवा हात पूर्वीसारखा थरथरतोय, शिवाय मान वळवली की कानामागे करंट बसल्यासारखं होतं. मी डॉक्टर नाही, पण माझ्या आईला हेच मशीन आहे आणि तिची वायर तुटून बदलावी लागली होती, म्हणून सांगतो, गोळ्या वाढवायच्या आधी वायर तपासून घ्या. पार्किन्सन हळूहळू वाढतो, असा एका रात्रीत नाही. आमच्याकडेही नातेवाईक "वय झालं आता" म्हणून मोकळे झाले होते!

आधी कुठली बाजू गेली ते बघा. मेंदूत बहुधा दोन लीड (मेंदूत बसवलेल्या तारा) असतात, डावीकडची उजवा हात-पाय सांभाळते आणि उजवीकडची डावा. बाबांना छातीत एकच बॅटरी असेल आणि ती संपली किंवा बंद पडली तर दोन्ही बाजू बिघडायला हव्यात, एकच बाजू गेली म्हणजे संशय डावीकडच्या लीडवर नाहीतर तिच्या एक्स्टेंशन वायरवर (लीडला बॅटरीशी जोडणारी, मानेतून कातडीखालून जाणारी वायर). त्यात मान वळवल्यावर शॉक म्हणजे अजूनच. लीड आणि एक्स्टेंशनचा जोड कानाच्या वर कवटीवर असायला हवा, तो सरकून मानेत उतरला की प्रत्येक वेळी मान हलली की वायर वाकते आणि कधीतरी तुटते. काही जणांना छातीतली बॅटरी नकळत चाचपायची सवय असते, बॅटरी आत फिरत राहते आणि वायर भोवऱ्याच्या जाळीसारखी गुंडाळून ताणली जाते, तेही विचारून बघा बाबांना.

मशीनचं प्रोग्रामिंग (करंट कमी-जास्त करणं) जिथे होतं तिथे फोन करून "इम्पीडन्स चेक करायचाय" असंच स्पष्ट सांगा. इम्पीडन्स म्हणजे वायरमधून करंट जायला होणारा अडथळा. या तपासणीत चिरफाड काही नाही, मशीन बाहेरूनच वाचतात. रीडिंग खूप जास्त आलं तर वायर तुटलेली किंवा जोड सुटलेला, खूपच कमी आलं तर शॉर्ट. पण एक गोष्ट आवर्जून सांगा, सरळ बसून रीडिंग नॉर्मल येऊ शकतं कारण तुटलेली टोकं तेव्हा चिकटलेली असतात, म्हणून मान दोन्हीकडे वळवून, जोडाजवळ हलकं दाबून परत चेक करायला लावा. आईचं पहिलं रीडिंग अगदी नॉर्मल होतं आणि मान वळवल्यावर बिघाड दिसला. सोबत डोकं, मान, छाती यांचे एक्सरे काढतात, ऑपरेशननंतरचे जुने एक्सरे असतील तर घेऊन जा, शेजारी ठेवून बघितले की लीड सरकलीय का तेही कळतं.

तोपर्यंत कोणी एमआरआय सांगितला तर आधी डीबीएसच्या टीमला विचारा, तुटलेल्या वायरवर एमआरआय धोक्याचा, टोक तापू शकतं. फिजिओथेरपीवाल्याला शॉर्टवेव्ह डायथर्मी (लहरींनी आतून शेक द्यायचं मशीन) अजिबात लावू देऊ नका, डीबीएसवाल्यांना ती कायमचीच बंद, यातून मेंदूला इजा होऊन माणसं गेलेली आहेत. मानेला मालिशही नको.

एक्स्टेंशनच तुटली असेल तर ती बदलताना मेंदूला हात लावावा लागत नाही. लीड तुटली असेल तर मात्र पुन्हा डोक्याचं ऑपरेशन. मशीनचं कार्ड शोधून वॉरंटी बघा, पार्ट महाग असतात.

टाक्यांपाशी, कानामागे किंवा छातीवर लाली, सूज, पाणी येणं किंवा कातडी पातळ होऊन वायर दिसणं असलं काही असेल तर गल्लीतल्या डॉक्टरकडून नुसती अँटिबायोटिक घेऊन थांबू नका, त्याच दिवशी सर्जनला दाखवा. दोन्ही बाजू एकदम आखडल्या, गिळता येईना, ताप आला तर सरळ इमर्जन्सीत न्या. आणि हाताची ताकदच गेली किंवा तोंड वाकडं झालं तर तो स्ट्रोक असू शकतो, तेव्हा वायर-बियरचा विचार करत बसू नका.