वाचकांचे प्रश्न : सुक्या कचऱ्याच्या वर्गवारीचे यंत्र आणि त्यासाठीचे कर्ज

प्रश्न : शीळ फाट्याजवळ आमचा सुक्या कचऱ्याचा गाळा आहे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्या व फिरते भंगारवाले यांच्याकडून आम्ही रोज सुमारे 4 टन मिश्र माल घेतो. त्यात पेटच्या (पाण्याच्या व शीतपेयांच्या बाटल्यांचे प्लास्टिक) बाटल्या सव्वा टनापर्यंत असतात. 14 महिला हाताने माल निवडतात. महिन्याची खरेदी 18 लाख रुपयांच्या घरात असून ती बहुतेक रोखीची आहे, तर कारखान्यांकडून आमचे पैसे 45 दिवसांनी येतात. एका पुरवठादाराने तासाला 1 टन क्षमतेचे ऑप्टिकल सॉर्टर, म्हणजे किरणांनी प्लास्टिकचा प्रकार ओळखून निवड करणारे यंत्र, 60 लाख रुपये अधिक जीएसटी या किमतीला देऊ केले आहे. आठ जणींची मजुरी, म्हणजे महिन्याला 1,20,000 रुपये, वाचेल, पीएमईजीपीतून (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) 35 टक्के अनुदान मिळेल आणि ईपीआर (उत्पादकांवरील पुनर्चक्रणाच्या जबाबदारीची) प्रमाणपत्रे विकून हप्ता सहज निघेल, असे तो सांगतो. बँक यंत्राच्या मूळ किमतीच्या 75 टक्के कर्ज देण्यास तयार आहे. आमच्याकडे 20 लाख रुपये आहेत. राहते घर तारण ठेवावे का?

उत्तर : घर तारण ठेवण्याचा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आधी यंत्राला पुरेल एवढा माल आपल्याकडे येतो का, हे पाहू, कारण बँकेने मंजुरी दिली तरी हप्ता मालातूनच निघायचा असतो.

तासाला 1 टन क्षमतेच्या यंत्राला आपल्याकडचे सव्वा टन पेट जेमतेम सव्वा तास पुरेल. बाकीचा पुठ्ठा, पन्नी, काच आणि लोखंड यांसाठी हे यंत्र आपल्याला नको आहे. म्हणजे 60 लाखांचे यंत्र पाळीतले पावणेसात तास बंद राहील, हप्ता मात्र पूर्ण भरावा लागेल. 45 लाखांचे कर्ज, 11 टक्के व्याज आणि 5 वर्षांची मुदत धरली तर मासिक हप्ता सुमारे 97,800 रुपये होतो. पुरवठादाराने सांगितलेली मजुरीची बचत पूर्ण मिळाली तरी त्यातून महिन्याला 22,000 रुपयेच उरतात आणि त्यात कॉम्प्रेसरची वीज, सुटे भाग, चालकाचा पगार व देखभालीचा करार भागवायचा आहे. शिवाय यंत्रातून बाहेर पडणाऱ्या मालावर शेवटची नजर माणसाचीच लागते, त्यामुळे आठही जणींची मजुरी वाचेल हे गृहीतच मला मान्य नाही. आपला माल आज ज्या दराने विकला जातो, तो या महिलांच्या नजरेमुळेच.

हे यंत्र निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. पेट आणि पीव्हीसी (पाइपांसाठी वापरतात ते प्लास्टिक) यांची घनता इतकी जवळची आहे की पाण्याच्या टाकीत दोन्ही बुडतात. पॉलिप्रॉपिलीन आणि एचडीपीई ही हलकी प्लास्टिके तरंगून वेगळे होतात, पण पीव्हीसी पेटमध्येच राहते आणि पेट वितळवण्याच्या तापमानाला विघटन पावून संपूर्ण माल पिवळा पाडते. तिथे अवरक्त किरणांनी प्लास्टिकचा प्रकार ओळखून हवेच्या झोताने तुकडा उडवणारे यंत्र जे करते, ते टाकीला जमत नाही. परंतु काजळी मिसळलेले काळे प्लास्टिक साध्या अवरक्त यंत्राला दिसत नाही, आणि ओल्या मालावरील पाण्याचा थरही त्याच्या वाचनात अडथळा आणतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कोरडा माल मिळणे किती कठीण असते, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. म्हणून पुढे कधी हे यंत्र घ्यावयाचे झाले, तर आपल्याच गाळ्यातला पावसाळी माल पुरवठादाराच्या चाचणी केंद्रावर नेऊन तो समोर चालवून पाहावा, अपेक्षित शुद्धता खरेदी आदेशात टक्क्यांत लिहून घ्यावी आणि ती सिद्ध होईपर्यंत किमतीचा काही भाग राखून ठेवावा. बँक पैसे थेट पुरवठादाराला देते, त्यामुळे ही अट बँकेलाही आधीच कळवावी लागते.

सध्याच्या 4 टनांसाठी निवडीचा पट्टा, माती-बारीक कचरा गाळणारा ट्रॉमेल, लोखंड ओढणारे चुंबक आणि गठ्ठे बांधणारे बेलिंग मशीन एवढे पुरेसे आहे, असे माझे मत आहे. महिलांना जमिनीवर बसून ढिगातून निवड करावी लागणार नाही, हा लाभ ताळेबंदात दिसत नसला तरी मी त्याला मोठे महत्त्व देतो. अॅल्युमिनियमचे डबे भरपूर येत असतील, तर ते वेगळे काढणाऱ्या एडी करंट सेपरेटरचा विचार नंतर करता येईल.

आता पैशांकडे वळू. कर्ज मूळ किमतीच्या 75 टक्के, म्हणजे 45 लाख. स्वतःचा वाटा 15 लाख, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 10 लाख 80 हजार. हे दोन मिळूनच 25 लाख 80 हजार होतात आणि आपल्याकडे 20 लाख आहेत. पाया, वीजजोडणीचा वाढीव भार आणि कॉम्प्रेसरची खोली यांचा खर्च अजून धरलेलाच नाही. यंत्रावरचा जीएसटी पुढे विक्रीवरील कराशी वळता करता येतो, आणि आपली बरीच खरेदी नोंदणी नसलेल्या भंगारवाल्यांकडून असल्याने तो तुलनेने लवकर वळता होईल, पण पहिल्या दिवशी रक्कम खिशातूनच जाते. ज्या करावर आपण अशी वजावट घेतली, त्या रकमेवर आयकरात घसारा मात्र घेता येत नाही.

या धंद्यातली माणसे सर्वांत जास्त फसतात ती खेळत्या भांडवलात. आज महिन्याला 18 लाखांची खरेदी आणि 45 दिवसांची उधारी म्हणजे खरेदी किमतीने सुमारे 27 लाख रुपये सतत बाहेर अडकलेले असतात. यंत्र चालावे म्हणून आपण माल दुप्पट केला, तर हीच रक्कम 54 लाख होईल. यंत्राचे कर्ज यातला एक रुपयाही देत नाही. भंगारवाला संध्याकाळी रोख मागतो. ती दिली नाही तर दुसऱ्या दिवशी तो माल शेजारच्या गाळ्यात उतरवतो आणि आपले यंत्र रिकामे फिरते. म्हणून मुदत कर्ज आणि कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचे कर्ज) यांचा अर्ज एकाच वेळी, एकाच प्रकल्प अहवालावर करावा. एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा अधिक रोख दिल्यास तो खर्च आयकरात नामंजूर होतो, हेही ध्यानात ठेवून मोठ्या भंगारवाल्यांना बँकेतून पैसे द्यायची सवय आतापासून लावावी. आपली खरी उलाढाल बँकेला त्यातूनच दिसेल.

पुरवठादाराची अनुदान आणि ईपीआर यांविषयीची दोन्ही विधाने चुकीची आहेत. पीएमईजीपी नव्या उद्योगासाठी आहे. चालू उद्योगाला विस्तारासाठीचे दुसरे कर्ज त्यातून मिळते ते आधी पीएमईजीपी किंवा मुद्रातून उभ्या राहिलेल्यांनाच, आणि त्यावरील अनुदान आपल्या राज्यात 15 टक्के आहे. ईपीआर प्रमाणपत्रे तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदलेला पुनर्चक्रण करणारा कारखाना निर्माण करतो. आपण माल निवडून, गठ्ठे बांधून विकता. प्रमाणपत्र आपला खरेदीदार काढेल, आपण नव्हे. त्याला त्यातून मिळणाऱ्या लाभाचा काही भाग चांगल्या दराच्या रूपाने मागणे योग्यच आहे, पण ते उत्पन्न हप्त्याच्या हिशेबात धरू नये.

विचारण्यासारखी योजना निराळी आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या चक्रीय अर्थव्यवस्थेसाठी केंद्राने 2023 मध्ये एमएसई-स्पाइस ही योजना आणली. प्लास्टिक, रबर आणि ई-कचरा या क्षेत्रांत तिच्यातून कर्जाशी जोडलेले 25 टक्के, कमाल साडेबारा लाख रुपयांचे भांडवली अनुदान ठेवलेले आहे आणि तिचे काम सिडबीकडे (लघु उद्योग विकास बँक) आहे. ती सध्या खुली आहे का आणि आपली यंत्रे तिच्यात बसतात का, हे मागणी नोंदवण्यापूर्वी बँकेकडून लेखी घ्यावे.

आणि घर? माझे उत्तर नाही, असे आहे. 2000 साली स्थापन झालेल्या सीजीटीएमएसई या हमी न्यासामार्फत सूक्ष्म व लघु उद्योगांना तारणाशिवाय कर्ज देता येते, आणि 1 एप्रिल 2025 पासून त्याची मर्यादा 10 कोटी रुपये आहे. यंत्र बँकेकडे गहाण राहते, हमीचे वार्षिक शुल्क सामान्यतः कर्जदारच भरतो. मात्र ही हमी बँकेसाठी असते. कर्ज थकले तर आपली जबाबदारी कमी होत नाही. शाखेने घराचाच आग्रह धरला, तर सीजीटीएमएसईखाली अर्ज का विचारात घेतला नाही, याचे कारण लेखी मागावे.

अर्जापूर्वी आपले उद्यम (लघु उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे) प्रमाणपत्र काढून बघा. उद्योगांच्या सरकारी वर्गीकरणात भंगाराचा घाऊक व्यापार विभाग 46 मध्ये मोडतो, तर कचऱ्यातून साहित्य परत मिळवण्याचे काम विभाग 38 मध्ये. गाळा सुरू करताना घाईत व्यापार म्हणून नोंद केली असेल, तर उशिरा मिळणाऱ्या पैशांविरुद्ध सूक्ष्म व लघु उद्योगांना जे 45 दिवसांचे संरक्षण आहे, ते आपल्याला मिळत नाही. प्रत्यक्ष कामानुसार ही नोंद दुरुस्त करून घ्यावी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात दिवसाची क्षमता किती टन लिहिली आहे, तेही पाहावे. 4 टनांच्या संमतीवर 8 टनांचा प्रकल्प अहवाल बँक स्वीकारणार नाही. गाळा 11 महिन्यांच्या भाडेकरारावर असेल, तर 5 वर्षांच्या कर्जासाठी दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत करार लागेल. आगीचा विमा यंत्राचा आणि मालाचा, दोन्हींचा असावा.

प्रश्न : ऐरोलीतील आमचा महिला बचत गट महापालिकेच्या जागेत सुक्या कचऱ्याचे केंद्र चालवतो. पट्टा आणि छोटे बेलिंग मशीन यांसाठी आम्हांला 6 लाख रुपये लागतील. जागा आमची नसताना कर्ज मिळेल का?

उत्तर : मिळू शकेल, ताई. मुद्रा योजनेच्या तरुण गटात 5 ते 10 लाखांची कर्जे तारणाशिवाय येतात आणि आपली मागणी त्यात बसते. गटाची बचत, अंतर्गत कर्जांची परतफेड आणि विकलेल्या मालाच्या पावत्या या तीन गोष्टी बँकेला जागेपेक्षा अधिक सांगतात. खरी अडचण कराराच्या मुदतीची आहे. महापालिकेचा करार वर्षाचा आणि कर्ज 4 वर्षांचे असेल, तर मधल्या काळात केंद्र दुसऱ्या संस्थेकडे गेल्यास हप्ता गटातल्या महिलांच्या डोक्यावर राहतो. कर्जाच्या मुदतीइतका करार मागावा. तो मिळत नसेल, तर यंत्रे गटाच्या मालकीची असून केंद्र सोडताना गट ती नेऊ शकेल, असे पत्र तरी घन कचरा विभागाकडून घ्यावे, आणि पाया घालून कायमचे बसवावे लागणार नाही असेच मशीन निवडावे.

प्रश्न : तुर्भ्याच्या आमच्या गाळ्यासाठी एक वित्त कंपनी 7 टक्के फ्लॅट दराने 45 लाख देते, बँक 11 टक्के सांगते. कंपनीचे कर्ज स्वस्त नाही का?

उत्तर : नाही. फ्लॅट दरात आपण फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज लागत राहते. 5 वर्षांत 45 लाखांवर 7 टक्क्यांनी 15 लाख 75 हजार व्याज होते आणि हप्ता येतो 1,01,250 रुपये. बँकेचा हप्ता सुमारे 97,800 आहे. घटत्या शिल्लकेच्या पद्धतीने मोजले तर कंपनीचा दर साडेबारा टक्क्यांच्या जवळ जातो. 1 ऑक्टोबर 2024 पासून सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी मुख्य तथ्य विवरण देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्यात प्रक्रिया शुल्कासह एकूण वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन्ही ठिकाणचे विवरण मागून तोच आकडा शेजारी ठेवावा. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास किती आकार लागेल, हेही सहीआधी त्याच कागदावर वाचावे, कारण मालाचे दर वर गेलेल्या वर्षी आपल्याला कर्ज लवकर मिटवावेसे वाटेल.