मुलगा आलिम होतोय आणि पुढे मदरसा चालवायचा म्हणतो

ताई, पत्र मिळालं. मुलगा कुर्ल्याच्या मदरशात आलिमच्या, म्हणजे इस्लामी धर्मशिक्षणाच्या, शेवटच्या वर्षाला, उस्ताद म्हणतायत पुढे इथलं ऑफिस सांभाळ, आणि तुम्हाला वाटतंय पोरगं नुसत्या देणगीच्या पावत्या फाडत बसेल, त्यापेक्षा एमबीए करू दे का. एमबीएला आधी डिग्री लागते, ते नंतर बघू, पण पावत्यांच्या कामाला अजिबात कमी लेखू नका, मदरशाचं सगळं प्लॅनिंग तिथंच येऊन अडकतं.

बघा ना, वर्षाचा मोठा पैसा येतो रमजानमध्ये, तोही बराचसा जकातीचा, म्हणजे धर्माने सक्तीच्या केलेल्या दानाचा, आणि जकात गरीब मुलांच्या हक्काची, तिच्यातून थेट पगार किंवा बांधकाम करायला बहुतेक मुफ्ती परवानगी देत नाहीत, त्याला लिल्लाहचे, म्हणजे स्वखुशीच्या दानाचे, पैसे वेगळे लागतात. म्हणजे खात्यात पैसे दिसतात तरी उस्तादांचा पगार थकतो. त्यात शिकवायचं वर्ष शव्वाल ते शाबान, म्हणजे रमजाननंतरच्या महिन्यापासून पुढच्या रमजानच्या आधीच्या महिन्यापर्यंत, ट्रस्टचे हिशोब एप्रिल ते मार्च, आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. 2022 चा रमजान एप्रिलच्या सुरुवातीला लागला आणि पुढचा 2023 च्या मार्चअखेरीस, म्हणजे एकाच आर्थिक वर्षात दोन रमजान लागले! हे सगळं पाच वर्षं पुढचं मांडून दाखवणारा आलिम कुठल्याही मदरशाला हवाच असतो, मला मनापासून वाटतं तुमच्या मुलाने तो व्हावं.

अजून एक, त्याला विचारा नाझिमसाहेबांनंतर, म्हणजे मदरशाचा कारभार बघणाऱ्यांनंतर, कोण हे ठरलंय का. देवबंदचं दारुल उलूम 1866 पासून चाललंय, तिथे मोहतमिम, म्हणजे संस्थेचा प्रमुख, कोण हे मजलिस-ए-शूरा ही सल्लागार सभा ठरवते. लहान मदरशांत बऱ्याचदा देणगीदारांचे नंबरसुद्धा एकाच माणसाच्या मोबाईलमध्ये असतात, तो आजारी पडला की सगळंच थांबतं. मुलाने ती यादी आधी रजिस्टरमध्ये उतरवावी, अर्थात नाझिमसाहेबांना विचारूनच, नाहीतर गैरसमज व्हायचा.

शिक्षणाचं सोपं आहे. दहावी-बारावी राहिली असेल तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून, मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीकॉम, मदरशातलं काम सांभाळून होतं. इंग्रजीसाठी जोगेश्वरीला मरकझुल मआरिफ ही संस्था आहे, मदरशातून शिकून आलेल्या मुलांसाठीच दोन वर्षांचा डिप्लोमा. ऑडिटच्या दिवसांत ट्रस्टच्या सीएकडे त्याला नक्की बसू द्या. आणि दहावी झालीय का ते पत्रात लिहिलं नाहीत, तेवढं कळवा, फॉर्म कुठला भरायचा ते त्यावरच ठरेल.