कॅल्क्युलेटरवर इलेक्ट्रॉनचा प्रभार (१.६ × १०⁻¹⁹ कूलोम) टाकला की उत्तर दहापट का येतं?

कॅल्क्युलेटर बिघडलेला नाही, १.६ नंतर तुम्ही × आणि १० ही बटणं दाबून मग एक्स्प (EXP) दाबताय, म्हणून एक दहा जास्तीचा गुणला जातोय. एक्स्प या बटणातच 'गुणिले दहाचा घात' आहे. म्हणून क्रम असा: १.६, एक्स्प, कंसातलं उणे म्हणजे (−) हे बटण, १९. बस्स. तुमच्या पद्धतीने घात −१८ होतो.

तालुक्याच्या कॉलेजात मी बी.एससी.ची फिजिक्सची प्रॅक्टिकलं घेते, आणि मोर्शी-वरुडकडच्या गावांतून येणाऱ्या पोरापोरींच्या वहीत ही चूक सारखी दिसते. सूत्र बरोबर, मांडणी बरोबर, आणि मार्क जातात बटणापायी. फार वाईट वाटतं.

एक्स्प टाळून × १० आणि घाताचं बटण वापरलं तर भागाकारात आणखी मोठी फसगत होते. समजा ३ ला ६ × १०⁵ ने भागायचंय. ३ ÷ ६ × १० चा ५ वा घात असं टाकलं, तर आधी ३ ला ६ ने भागून मग गुणाकार होतो आणि ५०,००० येतात. ३ ÷ ६ एक्स्प ५ टाकलं तर ०.०००००५, म्हणजे खरं उत्तर. एक्स्पने टाकलेली संख्या अख्खी एकच धरली जाते.

कॅसिओच्या एमएस मॉडेलवर हे बटण शेवटच्या ओळीत, दशांशचिन्हाशेजारी आहे; ईएस मॉडेलवर त्याच जागी ×१० लिहून वर बारीक एक्स असतो. फक्त घरात मोठ्या भावाचा जुना, +/− बटणाचा कॅल्क्युलेटर असेल, तर आधी १९ टाका, मग +/− दाबा.